एकसष्ट नंबरची सायकल

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. निपाणी

निवृत्तीच्या दिवशी डेपोनं मला शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. शाल बायकोनं, तानीनं घेतली, घड्याळ रोज दहा मिनिटं मागं पडतं आणि डायरी आठ महिने कपाटात कोरी होती. लिहायला काही घडायला तर पाहिजे! सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि नाक मुरडायचं. ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?

आज मात्र घरात काम आलंय. सुविधा बेळगावहून सायकलचा सांगाडा घेऊन आली. काळा कुळकुळीत, कार्बनचा, गोधडीत गुंडाळलेला. बसचा कंडक्टर माझ्या ओळखीचा निघाला, त्यानं आपली सीट सांगाड्याला दिली आणि स्वतः उभा राहून आला म्हणे. मी सांगाडा उचलला आणि दचकलोच. चौतीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली काढलेल्या माणसाला हातात वजन लागलं नाही की आपल्याला कुणीतरी फसवलंय असं वाटतं.

"ह्यात आत कायच न्हाय गं," मी म्हटलं.

"म्हणून तर आणलाय," ती म्हणाली.

सुविधा आमची एकुलती. बेळगावात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, शहापुरात खोली घेऊन राहते. उंची सहा फूट एक इंच. मी पाच फूट तीन. ही उंची माझ्या आईची, बाळाबाईची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि उंचीवरून कुणी बोलू नये म्हणून जन्मभर मान खाली घालून चालली. सुविधाही शाळेत तशीच पोक काढून चालायची. मला ते कधी बघवलं नाही.

गेल्या वर्षी तिनं दोनशे किलोमीटरच्या सायकल फेरीत नाव घातलं होतं. बेळगावहून कागलच्या पुढं जायचं आणि साडेतेरा तासांच्या आत परत यायचं. सायकल होती मध्यम मापाची. तिच्यावर ती बसली की गुडघे हँडलला लागायचे. दीडशेव्या किलोमीटरला, संकेश्वरात, गुडघ्यांनी दगा दिला आणि ती टेंपोत सायकल टाकून परतली. रडली नाही. पण ते सायकलचे बूट वर्षभर आमच्या खाटेखाली पडून आहेत आणि तानी केर काढताना ते उचलून परत तिथंच ठेवते.

"ह्यो एकसष्ट नंबरचा हाय आप्पा. साईराजच्या दुकानात दोन वर्सं पडून होता. येवढ्या मापाचं माणूसच घावंना." साईराज म्हणजे बेळगावचा सायकलवाला. "चाकं, ब्रेक, समदं मी आणून देती. जोडायची तुमी."

"मी? साईराजकडं मेकॅनिक असंल की."

"असंल. पर त्यो तुमी न्हाय न्हवं?"

फेरी ११ जानेवारीला आहे. मी हो म्हणून बसलो.

खरं म्हणजे नाही म्हणायला पाहिजे होतं. कारण इथंच लिहितो, ही डायरी कुणी वाचणार नाही. दोन वर्षं झाली, माझ्या उजव्या हाताची बोटं मला नीट कळत नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. रक्तातल्या साखरेनं झालं असणार. बोल्ट किती आवळला ते मेकॅनिकला हात सांगतो, आणि माझा हात आता काही सांगत नाही. म्हणून शेवटचं वर्ष मी डेपोत स्टोअरला बदली मागून काढलं. कारण सांगितलं कंबर. घरात कुणालाही पत्ता नाही, ह्याबाबतीत मी पक्का आहे.

पण ही पोर ह्या सायकलवरून तवंदीचा घाट उतरणार. पन्नास-साठच्या वेगानं, मी आवळलेल्या बोल्टांवर.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सामान आलं. सोबत एक पाना आलाय, त्याला आकडे आहेत. हवा तो आकडा लावायचा आणि आवळत जायचं. आकडा आला की पाना 'टक्' असा आवाज करतो. मग थांबायचं.

"कार्बनला हाताचा अंदाज चालत न्हाय आप्पा. किती का मोठा मेकॅनिक असंना, कंपनीचा नियमच हाय तसा."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी पाना त्याच्या हातात परत दिला असता. आज मला हायसं वाटलं. कंपनीनं माझी लाज राखली.

पोरीचं एक कळत नाही. ग्रीस कुठं लागलंय बघू म्हणून तिनं माझा उजवा हात धरला आणि एकेक बोट टोकाला दाबत बसली. मग म्हणे डोळे मिटा आणि कुठलं बोट धरलंय सांगा. ती लहान असताना मी तिच्याशी हा खेळ खेळायचो. मी अंदाजानं सांगत गेलो. बहुतेक बरोबर आलं असणार, कारण ती काही बोलली नाही.

आणि तानीनं काय नवीनच काढलंय. पस्तीस वर्षं मी काचेच्या ग्लासातून चहा पितोय. दिवाळीपासून मला कानवाला कप. विचारलं तर म्हणते ग्लास फुटले. सहाच्या सहा?

बुधवार, २६ नोव्हेंबर

मागचं चाक, मागचा ब्रेक. दिवसभरात एवढंच. डेपोत एवढ्या वेळात मी अख्खी गाडी रस्त्यावर काढली असती. पण घाई नाही, वरून साहेब ओरडत नाहीत आणि सोप्यात ऊन चांगलं येतं. जेवायचं विसरलो. तानी ताट घेऊन आली आणि म्हणाली, "बसगाड्यांतनं सुटलासा म्हणून म्या खूश झालते, तर आता ही सवत आली." तोंड मात्र हसरं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आमच्या डेपोत मेकॅनिकांचे दोन नियम होते. पहिला, बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाचा लांबट ठिपका ओढायचा. बोल्ट फिरला तर ठिपका मोडतो आणि लांबूनच कळतं. दुसरा, ज्यानं ब्रेकचं काम केलं त्यानं पहिल्या फेरीला त्याच गाडीत बसायचं. तवंदी घाट चढायचा, उतरायचा आणि मगच गाडी लोकांना द्यायची. दुसऱ्या नियमानं माणूस आपोआप शहाणा होतो.

घरात पिवळा रंग नव्हता. सुविधाच्या पिशवीत पिवळं नेलपॉलिश निघालं. सायकलवर माझे बोल्ट अकरा. अकरा ठिपके ओढून झाल्यावर वाटलं, एवढी देखणी काळी सायकल आपण विद्रूप केली, आता पोरगी ओरडणार. तर ती लांब उभी राहून बघत म्हणाली, "हळदीला बसल्यागत दिसतीया."

दुसरा नियम पाळायला मी स्टुलावरून सायकलवर चढलो. दोन्ही पाय पायडलच्या वीतभर वर लोंबकळत राहिले. तानीनं फोटो काढून बहिणीला पाठवला. मी हसलो, पण मनात बरं वाटलं नाही. ब्रेक केलेला माणूस खाली आणि गाडी घाटात, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

माझा पितळी बिल्ला सापडत नाही. २१७ नंबरचा, डेपोतला. खरं तर तो जमा करायचा होता, पण स्टोअरवाला म्हणाला ठेवा तुमच्याकडं. पाना-पेटीच्या झाकणाला लावलेला होता. तानीनं भांड्यांबरोबर भंगारात दिला की काय? विचारलं तर दोघी मायलेकी एकमेकींकडं बघायला लागल्या.

रविवार, ७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर, संध्याकाळी तिघं विहारात जाऊन आलो. आज सकाळी साखळी चढवली आणि सायकल पुरी झाली. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर घातली तर सात किलो चारशे ग्रॅम. दुकानदारानं काटा बिघडला म्हणून त्याला दोनदा थापटून बघितलं.

सुविधा बसली आणि गल्लीतून निघाली. पाठ सरळ, मान वर, हात लांब, पाय पुरेपूर खाली जातायत. मी हिला एकतीस वर्षं बघतोय, पण ही एवढी उंच आहे हे मला आजच नीट दिसलं. आई असती तर तिलाही बघायला बोलावलं असतं. मी उगाच पाना पुसत बसलो.

सदलग्यापर्यंत जाऊन पन्नास किलोमीटर करून आली. तोंड उतरलेलं.

"आप्पा, सीट खाली येतीया वो. सदलग्यात वर केली, चिक्कोडी रोडला परत खाली. गुडघं दुखाय लागल्यात."

बघतो तर सीटखालची दांडी दोन बोटं आत गेलेली. ठिपका मात्र शाबूत. म्हणजे बोल्ट फिरला नाही, मीच तो सैल ठेवला. 'टक्' ऐकल्याचं आठवतंय. पण बोटं गेलेल्या माणसाच्या कानाचा तरी काय भरवसा?

रविवार, १४ डिसेंबर

आठवडाभर त्या एका बोल्टामागं होतो. दांडी काढली, पुसली, नवं ग्रीस लावलं. लोखंडात लोखंड घालायचं तर मधे ग्रीस पाहिजेच, हे मला डेपोत पहिल्या दिवशी शिकवलं होतं. परत आवळलं, 'टक्' झालं, तानीला बोलावून तिच्याकडूनही ऐकवून घेतलं. आज सुविधा तीस किलोमीटर जाऊन आली. दांडी परत दोन बोटं खाली.

ती गुडघ्यांना बर्फ लावून बेळगावच्या बसमध्ये बसली. चार आठवडे राहिलेत.

मंगळवार, १६ डिसेंबर

दुपारी तानी बाजारात गेली असताना आकड्यांचा पाना बाजूला ठेवला आणि साधा पाना घेतला. म्हटलं अजून थोडं, अजून थोडं. डेपोतला हात असता तर वेळेवर थांबला असता. मला काहीच कळलं नाही. फक्त 'कट्' असा बारीक आवाज आला.

दांडीला उभी चीर गेलीय. केसाएवढी.

गुरुवार, १८ डिसेंबर

काल काही लिहिलं नाही. जेवलोही नाही धड. आज साईराजला फोन केला. म्हटलं, दांडी माझ्या हातून गेली, नवी पाठवा, आणि सायकलही तुमच्या मेकॅनिककडं पाठवतो, त्यानंच आता बघू दे.

"त्ये ऱ्हाऊदे मायाप्पाण्णा. आदी सांगा, सीट घसरत का होती? दांडीला काय लावलंतासा?"

"काय लावणार? ग्रीस."

तो असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "अवो अण्णा, कार्बनला ग्रीस लावत न्हाईत! घसरंल न्हाय तर काय करंल? त्येला खरखरीत पेस्ट असती, वाळूसारकी. तुमचा बोल्ट बरोबरच होता."

म्हणजे अकरा दिवस मी माझ्या बोटांना शिव्या घातल्या आणि दोष होता चौतीस वर्षांच्या सवयीचा! फोन ठेवल्यावर मीही एकटाच हसलो. मग आठवलं, सीट घसरली ती ग्रीसनं, पण दांडी फुटली ती माझ्या हातानंच. हे सुविधाला सांगायला पाहिजे. जानेवारीत तिनं घाटात ब्रेक दाबायचा आहे.

शनिवार, २० डिसेंबर

जेवताना सांगून टाकलं. सगळं. अंगठा, दोन बोटं, स्टोअरची बदली, कंबरेचं खोटं. मान वर करून बघितलं तर सुविधा भाकरी मोडत होती.

"ठाऊक हाय आप्पा."

"काय ठाऊक हाय?"

"दिवाळीत उकळत्या चहाचा गिलास धरून पेपर वाचत बसलतासा. आईनं हातातनं काढून घेतला तवा बोटं लालभडक झालती. तुमी म्हणलासा, गार झाला का गं चहा?"

तानी ताटात बघत होती. म्हणून ते सहाच्या सहा ग्लास फुटले होते. म्हणून तो डोळे मिटायचा खेळ. मला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

"ठाऊक हुतं आणि तरीबी मला सायकल दिलीस? मान मोडून घ्यायची हाय तुला घाटात?"

"पाना टक् करतोय त्यो तुमास्नी ऐकू येतोय न्हवं? डोळं धड हाईत, डोस्कं धड हाय. मला आनि काय पायजे?" मग म्हणाली, "दवाखान्यात चला म्हणलं तर आला नसतासा. काम आणलं तर हात म्होरं केलासा."

मी म्हटलं, कंपनीचा नियम म्हणून सांगितलेलं पण खोटंच असणार. तर म्हणाली, न्हाय, तेवढं खरं हाय.

एकच अट घातली. सोमवारी तिच्याबरोबर बेळगावला डॉक्टरांकडं जायचं. मी हो म्हणालो. तानीनं मला तिसरी भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली. बरेच दिवसांनी जेवण जेवल्यासारखं वाटलं.

बुधवार, २४ डिसेंबर

डॉक्टर तरुण आहेत, चेहरा गंभीर. बोटांचं गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाहीत, पण साखर आवरली तर पुढं वाढणार नाही म्हणाले. गोळ्या बदलल्या. भात कमी. खडेबाजारातून येताना मी पेढ्यांच्या दुकानाकडं बघितलं आणि सुविधानं माझ्याकडं.

आज साईराजनं नवी दांडी आणि पेस्ट बसमधून पाठवली. बेळगाव गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटमागून पार्सल काढून घ्यायला बसस्टँडवर गेलो. गाडीचा पुढचा डावा ब्रेक चिरकत होता. सांगितलं ड्रायव्हरला.

सांगाड्याच्या आतलं जुनं ग्रीस तीनदा पुसून काढलं. मग पेस्ट बोटांवर घेऊन चोळून बघितली. अंगठ्याला काही नाही, मधल्या बोटाला काही नाही. करंगळीला मात्र खरखर लागली. म्हणजे करंगळी अजून कामावर आहे. दांडी बसवली, आकडा लावला, आवळलं. टक्. ठिपका ओढला.

रविवार, २८ डिसेंबर

ऐंशी किलोमीटर. सीट जागेवर. पोरगी आल्या आल्या दोन वाट्या आमटी नुसती प्याली.

रविवार, ११ जानेवारी २०२६

डायरीतलं २०२५ संपलं, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. बेळगावहून शेवटच्या गाडीनं आलो. तानी झोपली, मला झोप येणार नाही.

सकाळी आठलाच मोपेड घेऊन तवंदी घाटाच्या पायथ्याला जाऊन उभा राहिलो. नियमाप्रमाणं मी गाडीत असायला पाहिजे होतो, ते जमण्यासारखं नव्हतं, निदान घाट संपतो तिथं तरी असावं. ऊस कारखान्याचे दिवस, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले. त्यांच्यामागून एकेक सायकलवाला उतरायचा. अकराही बोल्ट मी मनात परत परत आवळत होतो.

नवाला पाच कमी असताना वळणावर ती दिसली. वाकलेली, पण पोक काढलेली नाही. वळणाआधी तिनं ब्रेक दाबला, सायकल हवी तेवढी मंदावली, वळली आणि पुन्हा सुटली. जराही थरथर नाही. माझ्यासमोरून जाताना तिनं एक हात सोडून वर केला.

"दोनी हात धर की गं!" मी ओरडलो.

दुपारी मी आणि तानी बसनं बेळगावला गेलो. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना ती पोचली. अकरा तास पन्नास मिनिटं, साडेतेराला भरपूर शिल्लक. घामानं, धुळीनं ओळखू येत नव्हती. तानीनं तिला मिठी मारली, तिच्या छातीपर्यंतच पोचली ती. मी खिशातून चष्मा काढला आणि ठिपके मोजायला खाली बसलो.

"अवो, पोरीकडं बघा आदी!"

"बघतोय की," मी म्हटलं. एक, दोन, तीन. हँडलचे सहा शाबूत. ब्रेकचे चार शाबूत. सीटच्या दांडीचा अकरावा बघायला मान वाकवली तर सीटच्या खाली काहीतरी पिवळं चमकलं. मला वाटलं हा बारावा ठिपका कुणी ओढला?

तारेनं बांधलेला माझा पितळी बिल्ला होता. २१७.

हलकी सायकल पाहिजे म्हणून साईराजनं एकेक ग्रॅम वाचवला, आणि ह्या पोरीनं दोनशे किलोमीटर पितळ वाहून नेलं.

"ह्ये वजन कशाला गं घेतलंस?"

ती जमिनीवरच बसली होती, पाय लांब सोडून. "तुमचाच नियम न्हवं आप्पा? बिरेक क्येलेला माणूस पैल्या फेरीला गाडीत पायजे."

चष्मा ओला झाला, तो पुसून परत खाली वाकलो. तारेला दोनच पीळ घातले होते. बिल्ला कधीही गळून पडला असता. आता दवाखान्याला सुट्टी मिळाली की शनिवारी सायकल घेऊन येते म्हणालीय. आली की पहिलं ती तार नीट आवळतो आणि तिच्यावरही ठिपका ओढतो.